पोर्ट आणि स्टिल्टन
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय आपल्यापैकीं कांहींना चमत्कारिक वाटेल. चीज हा आपल्या ताटांतला मूळचा पदार्थ नव्हे, आणि गोड तांबडें मद्य तर आपल्याकडील पुष्कळ घरांत वर्ज्यच आहे. मद्यपानाची भलामण करण्याचा माझा हेतु नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. परंतु खाण्यापिण्याच्या दोन वस्तूंची जोडी कशी जमते, ती टिकते कां, आणि तिच्यांत रूढीचा भाग किती व जिभेचा भाग किती, हा प्रश्न कोणाही चौकस मनुष्यानें विचारावा असा आहे. त्याचें उत्तर शोधण्यास पोर्ट आणि स्टिल्टन ह्यांच्याइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

इंग्लंडांत मोठ्या जेवणाच्या शेवटीं, विशेषतः नाताळाच्या दिवसांत, स्टिल्टन नांवाचें निळ्या शिरांचें चीज आणि पोर्ट नांवाचें गोड तांबडें मद्य हीं दोन्ही एकत्र वाढण्याची चाल आहे. ही जोडी इतकी रूढ झाली आहे कीं ती अनादि कालापासून चालत आली असावी असा समज होतो. पण थोडें खोलांत शिरलें म्हणजे निराळीच हकीकत दिसूं लागते. ही जोडी कोणा एका रसिकानें विचार करून जमविलेली नाहीं. ती जमविली लढायांनीं, जकातींनीं आणि नासूं पाहणारा माल टिकविण्याच्या खटपटीनें. लग्न आधीं लागलें, पत्रिका मागाहून पाहिल्या, आणि पाहतात तों छत्तीस गुण जुळलेले! आज ह्या दोन्ही पत्रिका आपणांपुढें मांडावयाच्या आहेत.

आधीं चीजाकडे वळूं. दूध टिकत नाहीं ही अडचण सर्व देशांत सारखीच. आपण ती आपल्या पद्धतीनें सोडविली. दूध विरजलें, ताक घुसळलें, लोणी कढविलें, आणि तुपाच्या रूपानें दुधाचा सारांश महिनोन्महिने बरणींत ठेवला. युरोपांतल्या थंड प्रदेशांत लोकांनीं दुसरी वाट धरली. त्यांनीं दुधाचा चक्का केला, त्यांतली निवळी काढून टाकली, मीठ घातलें आणि तो गार जागीं मुरूं दिला. स्टिल्टन हें अशाच प्रकारचें चीज. गाईच्या दुधांत विरजण, दूध गोठविणारें रेनेट आणि एका विशिष्ट बुरशीचें बीज घालतात. दूध गोठलें म्हणजे तें कापून निवळी निथळूं देतात. दुसऱ्या दिवशीं तो चक्का कुसकरून त्यांत मीठ मिसळतात आणि उंच गोल साच्यांत भरतात. आठ किलो वजनाच्या एका चीजाला सुमारें ७८ लिटर दूध लागतें. येथें मुख्य गोष्ट ही कीं ह्या चीजावर दाब देत नाहींत. साचे रोज उलटे करावयाचे, आणि उरलेली निवळी चक्क्याच्या स्वतःच्या भारानेंच गळूं द्यावयाची. त्यामुळें आंत बारीक बारीक पोकळ्या राहतात. पुढें साचा काढून सुरीनें वरचा पृष्ठभाग गुळगुळीत सारवून घेतात, म्हणजे वारा आंत शिरत नाहीं.

सुमारें सहा आठवडे असे गेले म्हणजे पोलादी सुयांनीं त्या चीजाला आरपार भोंकें पाडतात. आजवर कोंडलेल्या बुरशीला हवा मिळते आणि ती त्या पोकळ्यांतून वाढूं लागते. निळ्याहिरव्या शिरा पसरतात त्या अशा. ह्या बुरशीचें शास्त्रीय नांव पेनिसिलियम रोकफोर्टी. ज्या बुरशीपासून १९२८ सालीं फ्लेमिंगला पेनिसिलिन मिळालें तिच्याच कुळांतली ही, पण तिची चुलत बहीण म्हणावयाची. ती दुधांतल्या स्निग्धांशाचें विघटन करते आणि त्यांतून तो उग्र, तिखटसर, नवख्याला दचकविणारा वास निर्माण होतो. निदान नऊ आठवडे मुरल्यावर चीज विक्रीस तयार होतें. आपल्या स्वयंपाकघरांत भाकरीवर बुरशी आली तर ती आपण फेकून देतों, आणि तें योग्यच आहे, कारण ती कोणती हें आपणांस ठाऊक नसतें. येथें मात्र कोणती बुरशी, किती आणि केव्हां, हें सारें मनुष्याच्या हातीं आहे. शत्रूला चाकरीस ठेवावें तसा हा प्रकार आहे.

आतां त्याच्या नांवाची गंमत पाहा. लंडनहून उत्तरेकडे जाणारा जो जुना राजमार्ग, त्यावर स्टिल्टन नांवाचें एक गांव आहे. अठराव्या शतकांत घोडागाड्या तेथें थांबत, घोडे बदलले जात आणि उतारू तेथल्या खाणावळींत जेवत. त्यांतल्या बेल नांवाच्या खाणावळीचा मालक कूपर थॉर्नहिल हें चीज वाटसरूंना विकूं लागला. तो तें लेस्टरशायरांतील वायमंडम गांवच्या फ्रान्सिस पॉलेट ह्या बाईंकडून घेत असे. माल दूरच्या गवळवाड्यांतला, पण विकला जाई ह्या नाक्यावर. म्हणून नांव नाक्याचें पडलें. रॉबिन्सन क्रूसोचा कर्ता डॅनियल डीफो ह्यानें १७२४ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत ह्या गांवाचा व चीजाचा उल्लेख केला आहे. इटलीच्या पार्मेझान चीजाशीं त्याची तुलना करून तो सांगतो कीं तें अळ्यांसारख्या सूक्ष्म किड्यांनीं इतकें भरलेलें असे कीं ते किडे खाण्यासाठीं बरोबर चमचा देत! निळ्या शिरांचा मात्र त्याच्या वर्णनांत उल्लेख नाहीं. तेव्हां आजचें स्टिल्टन आणि डीफोनें पाहिलेलें स्टिल्टन एकच होतें असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं.

पुढें ह्या नांवाचें मोल वाढलें आणि त्याच्यासाठीं कायदा आला. १९९६ सालीं युरोपच्या कायद्यानें असें ठरलें कीं डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर ह्या तीन परगण्यांत, तेथल्याच पाश्चराइझ केलेल्या दुधापासून, ठराविक रीतीनें केलेल्या चीजालाच स्टिल्टन म्हणावें. स्टिल्टन गांव ह्या तिन्हींच्या बाहेर आहे! म्हणजे ज्या गांवानें नांव दिलें त्याच गांवांत त्या नांवाचें चीज करण्याची मनाई झाली. गांवकऱ्यांनीं हा नियम बदलून घेण्याचा प्रयत्न केला, पण त्याला यश आलें नाहीं. २००६ सालीं कोणी पुन्हां कच्च्या दुधाचें तसेंच चीज करूं लागलें, तेव्हां त्यालाही तें नांव मिळालें नाहीं. त्याचें नांव स्टिचेल्टन ठेवावें लागलें. नांवाचें रक्षण करतांना कायदा खऱ्या मालाचें रक्षण करतो हें खरें. पण इतिहास जितका वांकडातिकडा असतो तितका कायदा असूं शकत नाहीं, हेंही ह्यावरून दिसतें.

आतां दुसरी पत्रिका. पोर्तुगालच्या उत्तरेस दोरू नांवाची नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन ओपोर्तो शहराजवळ समुद्राला मिळते. समुद्रापासून बरेंच आंत तिचें खोरें अरुंद व उभ्या चढणींचें आहे. जमीन म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांचा फुटीर खडक. उन्हाळ्यांत कडक ऊन, हिवाळ्यांत कडाक्याची थंडी. अशा ठिकाणीं माणसांनीं खडक फोडून, दगडांचे बांध घालून, डोंगरांना पायऱ्या पाडल्या आणि त्या पायऱ्यांवर द्राक्षाचे वेल लाविले. सह्याद्रीच्या उतारावर बांध घालून नाचणी-भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हे श्रम काय असतात तें सांगावयास नको. ह्या खोऱ्याचा एक भाग २००१ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतला, तो निसर्गाच्या शोभेपेक्षां ह्या श्रमांच्या शोभेसाठीं.

पण हें मद्य इंग्लंडच्या टेबलावर कसें गेलें? कारण अगदीं रोखठोक आहे. इंग्रजांना मुळांत फ्रान्सचें मद्य आवडे. परंतु फ्रान्सशीं वैर सुरू झालें म्हणजे तें बंद होई. १६७८ सालीं इंग्लंडनें फ्रेंच मालाच्या आयातीवर बंदी घातली, आणि व्यापारी पोर्तुगालकडे वळले. पुढें १७०३ सालीं जॉन मेथ्युएन ह्या वकिलानें पोर्तुगालशीं तह केला. इंग्रजी लोकरीचें कापड पोर्तुगालनें घ्यावें, आणि पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडनें फ्रेंच मद्यापेक्षां एकतृतीयांश कमी जकात घ्यावी, असा त्याचा मथितार्थ. कापडाच्या गठ्ठ्यांच्या मोबदल्यांत पिंपें आलीं. इंग्रज गृहस्थाची आवड त्याच्या जिभेनें ठरविली नाहीं, ती जकातीच्या नाक्यावर ठरली.

मागणी वाढली तशी लबाडीही वाढली. मद्याला गडद रंग यावा म्हणून एल्डर नांवाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस त्यांत मिसळूं लागले. भाव कोसळले आणि शेतकरी बुडूं लागला. तेव्हां पोर्तुगालचा मुख्य प्रधान, जो पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला, त्यानें १७५६ सालीं एक सरकारी कंपनी स्थापिली, खोऱ्याची हद्द आंखून दिली आणि ती दाखविण्यासाठीं तीनशेंवर दगडी खांब रोवले. एल्डरचीं झुडपें उपटून टाकण्याचा हुकूमही त्यानें सोडला. मद्याच्या प्रदेशाची कायद्यानें हद्द बांधण्याच्या जगांतील अगदीं पहिल्या प्रयत्नांपैकीं हा एक होय. परंतु कंपनीच्या मक्तेदारीनें ओपोर्तोचे लहान दुकानदार आणि गुत्तेवाले चिरडले गेले. १७५७ च्या फेब्रुवारींत शहरांत दंगा झाला. पोंबालनें तो निष्ठुरपणें मोडला आणि अनेकांना फांसावर चढविलें. पेल्यांत शांतपणें चमकणाऱ्या त्या रंगामागें हें रक्तही आहे, तें विसरतां कामा नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आरंभींचें हें मद्य गोड नव्हतेंच! तें कोरडें, तुरट आणि खरखरीत होतें. समुद्रप्रवासांत तें आंबूं नये म्हणून पिंपांत थोडा तीव्र मद्यार्क घालीत. हळूहळू हा मद्यार्क आंबण्याची क्रिया पुरी होण्याच्या आधींच घालण्याची रीत पडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती सर्वत्र रूढ झाली. आंबणें म्हणजे काय, तर यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव द्राक्षांतली साखर खाऊन तिचा मद्यार्क करतात. दोनतीन दिवसांनीं, निम्मीशी साखर उरली असतांना, त्या रसांत ७७ टक्के तीव्रतेचा द्राक्षांचा मद्यार्क ओततात. जुनें प्रमाण असें कीं रस ४३५ लिटर आणि मद्यार्क ११५ लिटर, मिळून ५५० लिटरचें एक पिंप. इतक्या तीव्र मद्यार्कांत यीस्ट जगत नाहीं. जेवणाबरोबरच्या साध्या वाईनमध्यें सामान्यतः १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. पोर्टमध्यें तो सुमारें २० टक्के होतो आणि उरलेली साखर जशीच्या तशी राहते. आंबा पिकून उतरण्यापूर्वींच त्याचा मोरंबा घालावा, तसें हें टिकविणें आहे.

ह्या रीतीला विरोध करणारा एक मनुष्य होता. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी १८३१ सालीं ओपोर्तोला आला. त्यानें दोरू नदीचे उत्कृष्ट नकाशे काढले. १८४४ सालीं त्यानें एक पत्रक काढून मद्यार्काची भर घालण्यावर आणि भेसळीवर कडाडून टीका केली. द्राक्षाचा रस पुरता आंबूं द्यावा, तेंच खरें पोर्ट, असें त्याचें म्हणणें. बाकीचे व्यापारी त्याच्यावर तुटून पडले. पोर्तुगालच्या राजानें मात्र त्याला बॅरन केलें. १८६१ सालीं ज्या नदीचा त्यानें नकाशा काढला तिच्याच एका खळाळांत नाव उलटून तो बुडाला. त्याच नावेंत डोना आंतोनिया फेरेरा ही द्राक्षमळ्यांची मोठी मालकीण होती. ती वांचली, तिच्या घेरदार झग्यानें तिला तरंगत ठेविलें असें लोक सांगतात. फॉरेस्टरची सचोटी निर्विवाद होती, पण वादांत तो हरला. तो जिंकला असता तर गोड पोर्ट राहिलें नसतें आणि आजच्या आपल्या जोडीचा प्रश्नच उद्भवला नसता.

ह्या तारखा एकमेकींशेजारीं ठेवून पाहा. डीफो स्टिल्टनचें वर्णन करीत होता तेव्हां पोर्ट गोड नव्हतें. पोर्ट गोड झालें तें पुढें शंभरसव्वाशें वर्षांनीं. म्हणजे ही जोडी फार तर एकोणिसाव्या शतकांतली. पुरातन परंपरा म्हणून जिचा मान राखला जातो, ती रूढी वयानें पुष्कळ लहान निघते. नाताळाशीं तिचा संबंध कां, हेंही समजण्याजोगें आहे. उन्हाळ्याअखेरच्या चांगल्या चाऱ्यावरच्या दुधाचें चीज मुरून नाताळाच्या सुमारास ऐन भरांत येतें. आणि थंडीच्या रात्रीं जाड, उबदार, गोड मद्य कोणाला नको असतें?

इतकें झाल्यावर मुख्य प्रश्नाकडे येऊं. ही दोघें जिभेवर एकमेकांशीं जमवून घेतात तीं कशानें?

तांबड्या मद्यांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. तें द्राक्षाच्या सालींतून व बियांतून येतें. कच्चें जांभूळ किंवा सुपारी चघळली म्हणजे तोंड कसें कोरडें व ओढल्यासारखें होतें, तोच हा गुण. लाळेंतल्या प्रथिनांना हें द्रव्य चिकटतें, त्यामुळें तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा नाहींसा होतो. पण त्याला चिकटण्यास दुसरें प्रथिन मिळालें तर तें लाळेला सोडतें. काळा चहा तुरट लागतो आणि त्यांत दूध घातलें कीं तुरटपणा मावळतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. चीज म्हणजे घट्ट केलेलें दूधच. त्यांतलीं प्रथिनें आणि स्निग्धांश तेंच काम करतात. त्यांतच पोर्टची गोडी तुरटपणावर पांघरूण घालते.

मग साधी, गोडी नसलेली तांबडी वाईन निळ्या चीजाबरोबर कां जमत नाहीं? कारण ह्या चीजांत मीठ पुष्कळ आणि बुरशीनें निर्माण केलेला उग्रपणाही पुष्कळ. कोरड्या वाईनजवळ त्याला उत्तर देण्यास कांहींच नसतें. उग्रपणापुढें तिचा फळांचा गंध लोपतो आणि मागें राहतो तो कडवटपणा, कधीं कधीं तर तोंडांत लोखंड धरल्यासारखी चव. गोड पोर्टजवळ उत्तर असतें. साखर मिठाची धार बोथट करते, मीठ गोडीचा मिट्टपणा कमी करतें आणि कडवटपणालाही दाबतें. तोंडांत बसलेला चीजाचा मेणचट थर तीव्र मद्यार्कानें आणि आंबटपणानें निघून जातो, व पुढच्या घांसाला जागा मोकळी होते. दोघेही एकेकटे अतिरेकी आहेत. एक अति खारट, दुसरें अति गोड. एकत्र आले म्हणजे एकाचा अतिरेक दुसऱ्याचा लगाम होतो.

हें तत्त्व आपणांस परकें नाहीं. शिऱ्यांत चिमूटभर मीठ घालणारी आजी, कलिंगडाच्या फोडीवर मीठ भुरभुरणारा फळवाला, आणि पुरणपोळीच्या पानांत आंबटतिखट कटाची आमटी वाढणारी गृहिणी, हीं सर्व तेंच करीत असतात. पोर्ट-स्टिल्टनच्या जोडींत गूढ असें कांहींच नाहीं. फरक इतकाच कीं येथें दोन्ही वस्तु महाग आहेत, आणि महाग वस्तूभोंवतीं मनुष्य लवकर मंत्रतंत्र उभे करतो.

त्या मंत्रतंत्रांपैकीं एक मोडून काढण्याजोगा आहे. स्टिल्टनचा वरचा भाग कापून, मधोमध खड्डा करून, त्यांत पोर्ट ओतण्याची जुनी हौस. त्यानें चीजाचा ओला लगदा होतो, त्याच्या निळ्या शिरांचा रंग मळतो आणि मद्यही फुकट जातें. चमच्यानें मधलाच भाग उकरीत राहिलें तर उरलेलें चीज वाळतें. चांगली पद्धत अशी कीं त्याच्या आडव्या चकत्या किंवा उभ्या फोडी कराव्या, म्हणजे प्रत्येकाला मधला मऊ भाग आणि कडेचा घट्ट भाग दोन्ही मिळतात. चीज थंड कपाटांतून तासभर आधीं काढावें. थंडगार चीजाला वास नाहीं आणि चव अर्धी. आधीं चीजाचा लहान तुकडा तोंडांत मऊ होऊं द्यावा, आणि तो संपत आला कीं घोटभर मद्य घ्यावें. पेला लहान असावा. शेजारीं आक्रोड, पेअरची फोड किंवा बिनगोड बिस्किट असलें म्हणजे पुरें.

पोर्टचेही प्रकार आहेत, आणि सर्वांना एकच चीज लागू पडत नाहीं. रुबी म्हणजे तरुण, गडद, ताज्या फळांच्या चवीचें. तें निळ्या चीजाला चालतें आणि स्वस्तही असतें. व्हिंटेज म्हणजे उत्तम वर्षाच्या द्राक्षांचें, दोनतीन वर्षांत बाटलींत भरून पुढें कित्येक वर्षें बाटलींतच मुरविलेलें. त्याच्या तळाशीं गाळ बसतो, म्हणून तें हलक्या हातानें दुसऱ्या भांड्यांत ओतून घ्यावें लागतें. स्टिल्टनची खरी जोडी ह्याच्याशीं मानतात. टॉनी हें मात्र लहान पिंपांत वर्षानुवर्षें ठेवलेलें असतें. दहा, वीस, तीस, चाळीस वर्षें असे वयाचे शिक्के त्यावर असतात. लांकडांतून झिरपणाऱ्या हवेनें त्याचा तांबडा रंग उतरून पिंगट होतो, आणि त्याला आक्रोडाची व सुक्या अंजिराची चव येते. त्याला जुनें कठीण चेडर किंवा डीफोनें ज्याचें नांव काढलें तें पार्मेझान जास्त शोभतें. म्हणजे नियम पाठ करण्याचें कारण नाहीं. चीज जितकें खारट व उग्र तितकें मद्य गोड व भरीव, आणि चीज जितकें जुनें व कोरडें तितकें मद्यही जुनें, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुष्कळ झालें.

इंग्रजांची रीत सांगितली, पण ज्यांचें हें मद्य आहे ते पोर्तुगीज लोक काय करतात? त्यांच्याकडे सेर्रा द एश्त्रेला नांवाच्या डोंगराळ भागांत मेंढीच्या दुधाचें एक मऊ चीज होतें. तें गोठविण्यासाठीं जनावरापासून काढलेलें रेनेट न वापरतां एका कांटेरी झाडाच्या निळसर फुलांचा अर्क वापरतात. शाकाहारी श्रोत्यांना हें ऐकून कौतुक वाटेल. हें चीज पिकलें म्हणजे इतकें लुसलुशीत होतें कीं तें चमच्यानें खातात, आणि त्याबरोबर पोर्ट घेतात. क्विन्स नांवाच्या फळाची घट्ट गोड वडी चीजाबरोबर खाण्याचीही तेथें रीत आहे. हें महत्त्वाचें आहे, कारण ह्यावरून दिसतें कीं ह्या जोडीचा प्राण मद्यार्कांत नसून गोडखारटाच्या मेळांत आहे. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनीं खाऱ्या, मुरलेल्या चीजाबरोबर काळ्या मनुका, सुकें अंजीर किंवा आंबटगोड मोरंबा घेऊन पाहावा. शास्त्र तेंच आहे.

येथें गोव्याचा उल्लेख करणें अवश्य आहे. १५१० पासून १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता, आणि पोर्ट वाईन हें नांव तेथें घरोघर रुळलें. आज गोव्यांत त्या नांवानें जें स्वस्त, गोड, तांबडें मद्य मिळत आलें आहे तें दोरूच्या खोऱ्यांतलें नव्हे. तें भारतांतल्या द्राक्षांचें. युरोपच्या कायद्याप्रमाणें तें नांव दोरूच्याच मद्याचें. त्याला कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण त्याच्याकडून दोरूच्या मद्याची अपेक्षा करूं नये, आणि त्याच्या चवीवरून दोरूच्या मद्याची परीक्षाही करूं नये.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणें माझें कर्तव्य आहे. पोर्टच्या गोडीमुळें त्याची तीव्रता लक्षांत येत नाहीं. तें साध्या वाईनच्या दीडपट तरी तीव्र असतें, आणि साखरही त्यांत भरपूर असते. दुसरें असें कीं मुरलेल्या चीजांत टायरामिन नांवाचें द्रव्य असतें. मनाच्या विषण्णतेवर दिल्या जाणाऱ्या कांहीं औषधांबरोबर तें पोटांत गेलें तर रक्तदाब एकाएकीं चढूं शकतो. अशीं औषधें घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय ह्या वाटेस जाऊं नये.

आतां समारोप करतों. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेहून आलेल्या फायलॉक्सेरा नांवाच्या कीटकानें दोरूच्या वेलींचीं मुळें खाऊन टाकलीं. पुष्कळ मळे ओसाड पडले. मोडलेल्या त्या पायऱ्या डोंगरांच्या अंगावर अजून दिसतात. कित्येकांवर पुन्हां वेल चढलाच नाहीं. जे मळे पुन्हां उभे राहिले ते अमेरिकन वेलींच्या मुळांवर युरोपांतल्या वेलींचीं कलमें बांधून. म्हणजे आजचें दोरूचें मद्यही दोन जातींच्या संयोगानेंच जगलें आहे.

रसिकतेच्या नांवाखालीं आपण पुष्कळदां केवळ नांवें आणि किंमती पाठ करतों. पण पेला आणि ताट ह्यांच्यामागें कोणाची जकात, कोणाचा तह, कोणाचा फांस आणि कोणाचे घट्टे पडलेले हात आहेत हें ज्याला ठाऊक असतें, त्याच्या घांसाला निराळी चव येते. नासूं पाहणारें दूध मिठानें आणि बुरशीनें वांचविलें, नासूं पाहणारा रस साखरेनें आणि मद्यार्कानें वांचविला. दोघांनाही मनुष्याच्या हिकमतीनें मरणापासून ओढून आणलें, आणि मग तीं एका ताटांत येऊन बसलीं. तीं एकमेकांना ओळखतात ह्यांत नवल तें काय!